बिनवासाचा गॅस

फ्रीजच्या त्या कारखान्यात तिला सगळे मावशी म्हणत. खरं तर ती एकट्या फोरमनचीच मावशी, पण तो हाक मारायचा तीच साऱ्यांच्या तोंडी बसली. बावीस वर्षं ती नळ्यांमधली गळती शोधत होती. साबणाचं पाणी लावायचं आणि बुडबुडा बघायचा, हे काम. पण बुडबुडा दिसायच्या आधी तिचं नाक बोलायचं. "मावशीला सर्दी झाली की कारखाना बंद ठेवा," असं लोक थट्टेने म्हणत आणि ती मनातून सुखावायची.

त्या वर्षी जुना गॅस बंद करायचं ठरलं. तो हवेत सुटला की पृथ्वीचा ताप वाढवतो, म्हणून परदेशी कंपनीने नवा गॅस आणि तो भरायचं मशीन पाठवलं. नवा गॅस हवेला जवळजवळ निरुपद्रवी, पण घरच्या सिलिंडरसारखा भडकणारा. मशीनसोबत एक इंजिनियर आला. तीन दिवस त्याने कुठलं बटण कधी दाबायचं ते सांगितलं, आणि दुभाषी मुलीने ते समजावलं. बाकी सगळं जाडजूड पुस्तकात होतं, आणि पुस्तक त्याच्या भाषेत.

चौथ्या दिवशी सकाळी अकराला बडे पाहुणे उद्घाटनाला यायचे होते. दहा वाजता मशीनचा भोंगा बोंबलायला लागला. लाल दिवा लागला, भिंतीतले पंखे घोंघावू लागले.

फोरमनचा चेहरा पडला. "आजच मुहूर्त सापडला याला! मावशी, बघ गं जरा."

मावशी मशीनभोवती फिरली. वाकून, मान वळवून तिने हुंगलं. तिच्या घरचा सिलिंडर एवढासा गळला तरी तिला जिन्यात कळायचं. इथे काहीच नव्हतं.

"गॅस नाही. नवं मशीन आहे, उगाच ओरडतंय."

"नक्की?"

"माझ्या नाकावर विश्वास नाही का तुझा?"

फोरमनने मशीनची किल्ली फिरवली. भोंगा थांबला, पंखेही थांबले. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. फोरमन फ्रीज पुढे सरकवणारा पट्टा सुरू करून बघायला पलीकडच्या टोकाला गेला.

त्या शांततेत मावशीला फुसफुस ऐकू आली. अगदी बारीक, कुणी दातांतून हवा सोडावी तशी. तिने खाली पाहिलं. जमिनीलगतच्या नळीच्या जोडावर पांढरं बर्फ धरलं होतं आणि तिच्या पायांना गार लागत होतं. गॅस होता. भरपूर होता. वास मात्र नव्हता.

फोरमनचा हात बटणाकडे गेलेला तिला दिसला.

"हात काढ!" ती अशी ओरडली की तो जागच्या जागी गोठला. "कुणी कशालाच हात लावू नका! बटण नाही, फोन नाही. आहात तसे बाहेर चला. धावू नका!"

"मावशी, तूच तर म्हणालीस..."

"मी चुकले! चल आधी!"

चाळीस माणसं चिडीचूप बाहेर पडली. जाता जाता दोघांनी मोठी दारं हातांनी ढकलून उघडली. मावशी वळसा घालून मागच्या सिलिंडरच्या खोलीकडे गेली. मुख्य झडप घट्ट बसली होती. पहिल्यांदा हलली नाही, दुसऱ्यांदा हलली नाही. तिसऱ्या वेळी तळहाताचं कातडं सोलवटलं, पण झडप बंद झाली.

पाहुणे आले ते अंगणातच उभे राहिले; त्यांच्यासोबत इंजिनियर आणि दुभाषी मुलगीही होती. इंजिनियरच्या हातातल्या गॅस मोजणाऱ्या मीटरवरचा आकडा शून्यावर यायला दीड तास लागला. मॅनेजरने विचारलं, "भोंगा कुणी बंद केला?"

फोरमनने तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाली, "किल्ली त्याची, शब्द माझा. मीच सांगितलं गळती नाही म्हणून."

इंजिनियरने पुस्तक उघडून एका पानावर बोट ठेवलं. दुभाषी मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "ते म्हणतात, इथे लाल अक्षरात लिहिलंय. घरच्या गॅसमध्ये मुद्दाम वास मिसळतात, यात मिसळत नाहीत."

"लिहिलंय ना?" मावशी म्हणाली. "मग विचार त्यांना, कुणाच्या भाषेत लिहिलंय?"

मुलीने विचारलं. इंजिनियरने पुस्तक स्वतःकडे वळवून पानं चाळली. मग काहीतरी पुटपुटला.

"ते विचारतात, हे सगळं मराठीत लिहायला किती दिवस लागतील?"

"लागतील तेवढे दिवस थांबा म्हणावं. आणि या वेळी नुसती बटणं सांगू नका. मशीन आम्ही उघडतो, तुम्ही चुका काढा."

मॅनेजर कुरकुरला, पण अंगणात उभ्या चाळीस जणांपैकी एकही आत जायला हलला नाही. त्याने उद्घाटन पुढे ढकललं.

दोन दिवस फोरमन मावशीशी बोलला नाही. दोघांनाही ताकीद मिळाली होती. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या टेबलाशी ती, इंजिनियर आणि मुलगी पुस्तक घेऊन बसले होते, तिथे तो येऊन उभा राहिला.

"कुठवर आलात?"

"बाराव्या पानावर. या शब्दावर अडलोय. ही म्हणते 'प्रज्वलनशील'. असलं लिहिलं तर वाचेल कोण?"

"मग 'ठिणगीने पेटतो' लिही की."

मावशीने मुलीकडे पाहिलं. मुलीने जुना शब्द खोडला. फोरमनने खुर्ची ओढली आणि बसला.