रविवारचं वाचन

बिश्केकमधल्या ज्या छोट्या ऑफिसात मी नोकरी करते, तिथे माझं काम म्हणजे लोकांच्या मागे लागणं. शाळा सुट्टीची सूचना कागदावर छापते, त्याचा फोटो काढते आणि पालकांच्या ग्रुपवर टाकते. दवाखाना डॉक्टरांच्या वेळा तशाच टाकतो. माझ्या फोनमधला आवाज टाइप केलेलं अक्षर न् अक्षर वाचतो, पण फोटो आला की एवढंच म्हणतो, 'फोटो'. मग मी त्या दवाखान्यात जाते, तिथल्या बाईच्या हातात माझा फोन देते, पडदा काळा करते आणि विचारते, आता सांगा, डॉक्टर मंगळवारी आहेत का? बहुतेकांना तिथल्या तिथे उमगतं. फोटोखाली चार ओळी टाइप करायला मिनिटभर पुरतं.

गावभर हे सांगत फिरले, पण घरच्या ग्रुपवर कधी तोंड उघडलं नाही. गरजच वाटली नाही. मला एजे होती.

एजे म्हणजे माझी थोरली बहीण सायराकान. मी चार वर्षांची असताना गोवराच्या तापात माझे डोळे गेले, तेव्हा ती अकराची होती. अंधशाळेत सोडायला तीच यायची, न्यायला तीच. आई गेल्यावर तर तीच माझी आई झाली. दर रविवारी ती गरम बोरसोक, तळलेले पिठाचे गोळे, घेऊन माझ्याकडे यायची. चहा व्हायचा, आणि मग ती माझा फोन घेऊन आठवडाभरात ग्रुपवर आलेले फोटो वाचून दाखवायची. आमच्या ग्रुपचं नाव 'जाकीपचे वंशज'. जाकीप आमचे आजोबा. ग्रुपवर चाळीस-पंचेचाळीस जण, आणि टाइप करायचा सगळ्यांना कंटाळा. फुलं, टाळ्या, गाणी आणि फोटो, बस्स. एजे वाचायची तेही रंगवून. "ही बघ आपली मामी, नवा कोट घातलाय, बटणं लागत नाहीयेत." मी हसून हसून चहा सांडायचे.

लग्नं झाली की कळायचं, पण गेली काही वर्षं आमंत्रण यायचं नाही. मी विचारलं, तर एजे म्हणायची, घरच्या घरी उरकलं, मलाही नाही बोलावलं. मी मनात म्हणायचे, आमच्या गावाहून, कोच्कोरहून, आंधळ्या पोरीला कोण बोलावतंय. दोन-तीन वर्षं वाईट वाटलं. मग सवय झाली.

या वसंतात आमच्या ऑफिसने फोटोतली किरगिझ अक्षरं वाचणारं एक ॲप बनवायला घेतलं. ते लिहीत होती वेनेरा, माझ्या शेजारच्या टेबलावरची. तिला जुने फोटो हवे होते, तऱ्हेतऱ्हेच्या अक्षरांचे, नक्षीकामात गुरफटलेले. मी म्हटलं, आमच्या ग्रुपवर पोतंभर पडलेत. तिने सगळे ॲपमध्ये घातले. मी कानाला लावून ऐकायचं आणि चुका लिहून ठेवायच्या, एवढं ठरलं.

चौथा की पाचवा फोटो असेल. आवाज म्हणाला, "आदरणीय बुरुलचा, आमच्या धाकट्या मुलाच्या लग्नाच्या तोयला येऊन आमच्या दस्तरखानाची शोभा वाढवावी. असानाकुन आणि कुटुंब."

बुरुलचा म्हणजे मी, आणि असानाकुन म्हणजे माझे मामा. पाठवणाऱ्याच्या नावावरून आणि तारखेवरून कळलं, हाच फोटो एजेने मला वाचून दाखवला होता. नौरोजच्या शुभेच्छा, खाली ट्यूलिप, असं. मी चुकांच्या यादीत लिहिलं, 'चुकीचं वाचन, फोटोत नसलेली वाक्यं'. पुढच्यातही तेच झालं. पुन्हा लिहिलं. असे सात फोटो झाले, तेव्हा मी वेनेराला सांगितलं, तुझं यंत्र मनाचं काहीतरी रचतंय, माझं नाव घालून आमंत्रणं बनवतंय.

वेनेरा खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली. बराच वेळ तिची बोटं पडद्यावर टकटकत राहिली. मग ती म्हणाली, "बुरुलचा, यंत्र बरोबर वाचतंय. एका अक्षराचीही चूक नाही."

मी म्हटलं, पुन्हा बघ. तिने सातही फोटो स्वतःच्या तोंडाने वाचले. प्रत्येकावर माझं नाव होतं; ज्याच्या त्याच्या नावाचं कार्ड लोक ग्रुपवरच टाकत होते. सातवा होता पेरिझातच्या लग्नाचा.

पेरिझात म्हणजे एजेची एकुलती मुलगी, माझ्या मांडीवर वाढलेली. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं. एजे मला म्हणाली होती की नवऱ्यामुलाचे आजोबा नुकतेच वारले, त्यामुळे तोय नाही, मेजवानी नाही, नुसता निकाह. मी आईचं चांदीचं कंकण एजेच्या हाती पाठवलं आणि त्या दिवशी घरी एकटीच पुलाव करून खाल्ला. कार्डावर हॉलचं नाव होतं. माझ्या घरापासून चार बसथांबे.

मी यादीतल्या त्या सात ओळी खोडल्या. कारण मशीन खोटं बोललं नव्हतं.

रविवारी एजे आली. बोरसोकचा वास दारातच आला. मी चहा ओतला, फोनवर पेरिझातच्या लग्नाचं कार्ड उघडलं आणि तिच्या हातात दिलं. जुनं काहीतरी सापडलंय, म्हटलं, काय आहे ते वाच.

मग तिचा नेहमीचा, हसरा आवाज आला. "अगं, हे होय! कोणीतरी नौरोजचं पाठवलंय. सुमल्याकच्या खिरीचं भांडं आहे, भोवती बायका."

"भांडं केवढं आहे?"

"मोठं. हंडाच म्हण ना."

मी फोन परत घेतला आणि ॲप लावलं. त्या सपाट आवाजाने आख्खं कार्ड वाचलं. पेरिझातचं नाव, जावयाचं नाव, हॉल, तारीख, 'आदरणीय मावशी बुरुलचा'.

"किती दिवस?" मी विचारलं.

एजे रडली नाही. रडली असती तर मला जमलं नसतं. तिने सांगितलं ते असं. पाच वर्षांपूर्वी एका तोयला ती मला घेऊन गेली होती. तिथे पेरिझातसाठी एक स्थळ बघत होते. मुलाच्या आईने मला पाहिलं, आणि दोन दिवसांनी निरोप आला, तुमच्या रक्तात आहे का हे? स्थळ मोडलं.

"मी ठरवलं, पोरीचं लग्न होईपर्यंतच," एजे म्हणाली. "एवढंच. मग होत गेलं."

"गोवर रक्तात नसतो, एजे. तुझ्यासमोर ताप आला होता मला."

"मला माहीत आहे गं. त्यांना कोण सांगणार?"

"तू सांगायचंस."

मी विचारलं, लोकांना काय सांगत होतीस? तर म्हणाली, तुला गर्दी सोसत नाही, तू येत नाही म्हणतेस. म्हणजे पाच वर्षं मला वाटत होतं की त्यांना मी नको, आणि त्यांना वाटत होतं की मला ते नकोत. मधे बसून एजे बोरसोक तळत होती.

मी तिला जा म्हटलं. ती गेली. बोरसोक तसेच राहिले, मी खाल्ले नाहीत.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. एजेचं नाव घेतलं नाही. एवढंच लिहिलं की माझा फोन फोटो वाचत नाही, त्यामुळे गेली पाच वर्षं तुमची आमंत्रणं मला मिळाली नाहीत. मी कोणालाही नाही म्हटलेलं नाही. इथून पुढे फोटोखाली दोन ओळी टाइप करा. कार्ड असेल तर कोणाचं, कुठे, कधी. माणसं असतील तर कोण कोण. हेच वाक्य मी शाळांना आणि दवाखान्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की बोटं आपोआप चालली.

तासाभराने कोच्कोरहून मामीचा आवाजी निरोप आला. "काय गं बये, आम्ही तुला माजोरडी समजत होतो! शहरात जाऊन आम्हाला विसरली म्हणून नावं ठेवली तुला. आणि तुला वाचून कोण दाखवायचं?"

मी उत्तर दिलं नाही. पण सगळ्यांना कळलं असणार, कारण त्यानंतर एजेच्या नावाने कोणी एक फूलही टाकलं नाही.

तिसऱ्या दिवशी पेरिझातचा फोन आला. मला वाटलं होतं, तिलाही आईने फसवलं असणार. मी तिचं सांत्वन करायच्या तयारीत बसले होते. ती म्हणाली, "मावशी, मला माहीत होतं. कार्डावर तुझं नाव मीच घातलं. आई म्हणाली, नुसतं नाव असू दे, तिला आणायचं नाही. मी गप्प बसले."

"का गं?"

"सासूबाई समोर होत्या."

मी फोन ठेवला. एजेचं मी कसंही गिळलं असतं. हे घशाखाली उतरलं नाही. अजून उतरलेलं नाही.

ग्रुपवर आता लोक लिहितात. काही नीट लिहितात, काही 'सुंदर फुलं' एवढ्यावर भागवतात, मामा फोटोखाली हवामान लिहितात. शरद ऋतूत मामांच्या सत्तरीचा तोय होता. मामीने स्वतः टाइप केलं, शुद्धलेखनाच्या ढीगभर चुकांसह, आणि शेवटी लिहिलं, 'नाही आलीस तर मी येऊन उचलून नेईन.' मी शेअर टॅक्सीने एकटीच गेले. मामीने मला स्वतःच्या शेजारी बसवलं, हातात मेंढीच्या मांसाचा मोठा तुकडा दिला. आजूबाजूचे एकेक जण येऊन आपलं नाव सांगून जात होते. काहींनी माफी मागितली. मी मान हलवत राहिले.

पेरिझात आली नव्हती. एजे आली होती. पलीकडच्या दस्तरखानाच्या पंगतीतून तिचा खोकला ऐकू आला. कोणी तिच्याशी फारसं बोलत नव्हतं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही.

हात धुवायला अंगणात निघाले, तेव्हा ती माझ्यामागे आली. हातभर अंतरावर थांबली. पूर्वीसारखा माझा दंड धरला नाही.

"बुरुल," ती म्हणाली, "पुढे पायरी आहे."

चौतीस वर्षं हा आवाज ऐकून मी पाय टाकत आले होते. या वेळी मी थांबले आणि काठी पुढे सरकवली. पायरी होती.