काकड्याची केस

सकाळी आठ वाजता चारोटी नाक्यावर शुक्रीने वऱ्हाडाचा टेम्पो अडवला, तर स्टेअरिंगवर तिचाच बाप, काकड्या. झरीच्या त्यांच्या पाड्यातून पोलिसात गेलेली ती पहिलीच. ती भरती झाली तेव्हा काकड्याने घरोघरी गूळ वाटला होता.

"फुंक, बा," तिने मशीनची नळी पुढे केली.

काकड्या हसत फुंकला. त्याला कसली भीती? पहाटे झाडावरून उतरवलेली ताडी म्हणजे दारू नव्हे, असं अख्खा पाडा मानतो. चहा घ्यावा तशी त्याने चार लोटे घेतले होते. मशीनला हे कुणी सांगितलं नव्हतं. आकडा मर्यादेच्या वर गेला.

"तू बाजूला हो, मी बघतो," हवालदार वासुदेव हळूच म्हणाले. बघतो म्हणजे सोडतो, हे न कळायला ती काही दूधखुळी नव्हती. मागे गाड्यांची रांग लागली होती. कालच एका कारवाल्याने तिला ऐकवलं होतं, "तुमची माणसं आली की बघू, कसं पकडता ते." आज बापाला सोडलं तर उद्या कुणापुढे नळी धरायला तिला तोंड उरणार नव्हतं.

"नको साहेब, मीच लिहिते."

तिने केसच्या कागदावर बापाचं नाव नीट अक्षरात लिहिलं.

"बापावर केस करतेस?" भिकी आत्या टेम्पोतून कडाडली. "आन आमी काय नवरीकडं चालत जावं?"

शुक्रीने नळी नवरदेवापुढे धरली. नवरदेव मिथुनचा लग्न लागेपर्यंत उपास होता, त्याने ताडीही घेतली नव्हती. आकडा शून्य आला. लायसन त्याच्याकडे होतंच. बाशिंग आत्याच्या मांडीवर ठेवून नवरदेव स्वतःच वऱ्हाड घेऊन निघाला. काकड्या मागे जाऊन बसला, लेकीकडे न बघता. टेम्पो वळल्यावर तिने डोळे पुसले. पंधरा दिवस गेले.

मग डहाणूच्या कोर्टात काकड्याचा पुकारा झाला. तो नवा सदरा घालून उभा राहिला.

"गुन्हा कबूल आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"कबूल, साहेब. चूक माजीच. पन पकडलं कोनी, त्या पोलिसाचं नाव मोठ्यानं वाचा."

"कशाला?"

"माजी पोर हाय ती. पाड्याची मानसं ऐकाया आलीत."

केसच्या कामाने कोर्टात आलेल्या शुक्रीने मागे वळून पाहिलं. बाकांवर सगळं वऱ्हाड बसलं होतं, आणि सगळ्यांच्या पुढे भिकी आत्या.