बंद काचांची गाडी

लग्न झाल्यापासून शुभदाला परदेशीपुऱ्याहून, ती शिकवते त्या पलासियाच्या कोचिंग क्लासपर्यंत स्कूटरवर सोडण्याचं काम परेशचं होतं, आणि त्याला त्याचा कधी कंटाळा आला नव्हता. तिला सोडून मगच तो आपलं विजेच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान उघडत असे. वाटेत तो रिक्षावाल्यांशी भांडे, बसवाल्यांना खडे बोल सुनावी, आणि मागे बसलेली शुभदा हसे. निदान ती हसते, असं त्याला वाटे.

मग विद्यापीठातल्या मंडळींचं संशोधन आलं. शहरातल्या रोजच्या प्रवासात धुरामुळे माणसाच्या मनावर किती ताण येतो, हे त्यांना मोजायचं होतं. शुभदानं हौसेनं नाव दिलं. मनगटाला ताण टिपणारी पट्टी बांधायची, पर्सला धूर मोजणारी डबी लावायची; ताणाची निळी रेषा फोनवर दिसे. अट एकच: एक दिवस स्कूटर, एक दिवस काचा बंद केलेली कार, असं आलटूनपालटून. परेश-शुभदाकडे कार नव्हती. क्लासात रसायनशास्त्र शिकवणारा विपुल शेजारच्याच गल्लीत राहत होता. तो म्हणाला, "माझ्याबरोबर चला ना, शुभदाजी."

पहिल्या दिवशी स्कूटरवर निळी रेषा नुसती थयथयाट करत होती. दुसऱ्या दिवशी विपुलच्या गाडीत ती जेवून आडव्या झालेल्या माणसासारखी स्वस्थ पडली होती. परेश ती रेषा बराच वेळ पाहत बसला.

"काय बोलत होता तो वाटेत?"

"काही नाही. गाणी लावली होती."

"आणि माझ्या मागे बसलं की धडधड होते. अच्छा है."

"अहो, धुराचं आहे ते! त्याच्या गाडीच्या काचा बंद असतात."

परेशला ते पटलं नाही. पुढच्या खेपेला त्यानं निश्चय केला की आज तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही. "पहले आप, भिया," म्हणत त्यानं प्रत्येकाला वाट करून दिली. परिणाम असा झाला, की पुढे गेलेल्या प्रत्येक टेम्पोचा आणि बसचा धूर या दोघांच्या तोंडावर आला. शुभदानं ओढणी नाकाशी घट्ट धरली. रेषा पूर्वीपेक्षाही वर गेली.

"इतका शांत चाललो, तरी?"

"सगळ्या धुराला तुम्हीच बोलावून पुढे बसवलंत," ती हसून म्हणाली.

ते हसणं त्याला टोचलं. दुकानात तार गुंडाळताना विपुलच्या गाडीतली गार, स्वच्छ हवा त्याच्या डोळ्यांपुढे येई, आणि त्या हवेत मान मागे टेकून बसलेली शुभदा. संशोधन संपत आलं होतं. विपुलनं सांगून ठेवलं होतं, "नंतरही रोज चला, मला जायचंच असतं." शुभदा अजून हो म्हणाली नव्हती, पण नाहीही म्हणाली नव्हती.

कारच्या शेवटच्या दिवशी ती खोकत घरी आली. डोळे लाल झाले होते.

"विपुलचा एसी बिघडला. काचा उघड्या टाकून आलो, त्यात मालवा मिलपाशी हा जाम."

परेशनं तिच्या हातून फोन घेतला. निळी रेषा विपुलच्या गाडीतही सरळ वर चढली होती, स्कूटरवरच्या कुठल्याही दिवसापेक्षा वर.

"वा!" त्याच्या तोंडून निघून गेलं. "देखा?"

शुभदानं पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"मला श्वास घेता येत नव्हता," ती म्हणाली, "आणि तुम्ही खुश झालात."

त्याला नाही म्हणायचं होतं. पण मनात उसळलेला आनंद अजून पुरता ओसरला नव्हता, आणि तिनं तो पाहिला होता. ती आत निघून गेली. भिंतीपलीकडून येणाऱ्या प्रत्येक ढासेबरोबर त्याला स्वतःची अधिकच किळस येत गेली.

सकाळी ती उठायच्या आत त्यानं विपुलला फोन लावला.

"विपुल भिया, एसी दुरुस्त कधी करवताय? माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे, आजच घेऊन येतो." पलीकडे विपुल आभार मानू लागला. परेशनं त्याला थांबवलं. "आणि ते रोज नेण्याचं, ते तिलाच विचारा. माझी ना नाही."

फोन ठेवता ठेवता त्यानं पुन्हा कानाला लावला.

"फक्त काचा बंद ठेवत जा," तो म्हणाला, आणि एवढं म्हणायला त्याला दात आवळावे लागले.