हौसाबाईची विहीर

शमशाद इंदापूरला एसटी स्टँडमागं ब्लाउज शिवायची. आठ वर्षं खपून तिनं एक कादंबरी लिहिली. चार प्रकाशकांनी ती परत पाठवली, पाचव्यानं छापली. पण पुस्तक निघून महिना झाला तरी कुणी त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता.

एका दुपारी अंथुर्ण्याचे रामहरी तात्या विचारत विचारत दुकानात आले. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या नातीनं, स्वरूपानं, सगळी कादंबरी वाचून दाखवली होती.

"पोरी, ती हौसाबाई कुठं ऱ्हाती?" त्यांनी विचारलं. "पोरं शहराकडं गेल्यावर एकलीच विहीर खांदत हुती. पाणी लागलं का तिला? पुस्तकात सांगितलंच न्हाय तू."

शमशादच्या हातातली कात्री थांबली. हौसाबाई जगात कुठंच नव्हती; याच मशीनपुढं बसून शमशादनं तिला मनानं रचलं होतं. पण तात्यांच्या डोळ्यांत खरीखुरी काळजी होती. शमशादच्या लक्षात आलं, आपली हौसाबाई आपल्याला न विचारता अंथुर्ण्याच्या एका घरात जाऊन राहिली होती.

"लागलं की, तात्या," ती हळूच म्हणाली. "लई गोड पाणी लागलं."

"मग झ्याक झालं," म्हणत तात्यांनी डोळे पुसले आणि ते एसटी धरायला निघाले.