रचून ठेवलेली कौलं

रविवारचं जेवण चाललं होतं. अंबाडी आणि सुकट घातलेला भात ताटात निवत होता आणि एवानिल्दो नेहमीचं रडगाणं गात होता.

"आईचं ते घर म्हणजे धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. राहायला नको, विकायला गिऱ्हाईक नाही, आणि पाडू म्हटलं तर पालिकेचा माणूस दारात. जुनं शहर म्हणे, निळ्या फरशांची भिंत म्हणे."

"मग राहू दे की उभं. तुझ्या डोक्यावर उभं आहे का?" त्याची बायको मार्लुसिया म्हणाली.

एवानिल्दोने घास गिळला आणि विषयही गिळला. कारण खरी गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नव्हती.

मंडळी, आपल्या साओ लुईस शहरात कायदा मोडायची लाज वाटते, पण कायद्याला वळसा घालायची मुळीच वाटत नाही. घर पाडायला मनाई आहे ना? मग मागच्या बाजूची चार कौलं काढायची आणि गप्प बसायचं. आपला सहा महिन्यांचा पाऊस बाकीचं काम फुकटात करतो. तुळई कुजते, फळ्यांची जमीन खचते, आणि एक दिवस पालिकाच फलक लावते, 'धोकादायक इमारत'. मग तिथे गाड्या लावायला मोकळी जागा! ही अक्कल एवानिल्दोला त्याच्या मेहुण्याने शिकवली होती. शेजारचं पिवळ्या फरशांचं घर असंच नाहीसं झालं होतं आणि तिथे आता गाड्या लागत होत्या. डिसेंबरात एवानिल्दो एकटाच छपरावर चढला होता. आता जून उजाडला होता, संत जुआंवच्या सणाचा महिना.

आणि जून म्हणजे बैल. काळ्या मखमलीचा, मण्यांनी भरलेला, लाकडी सांगाड्याचा आपला बैल. आत माणूस शिरतो आणि तो जिवंत होतो. एवानिल्दो लहानपणी तापाने फणफणला होता, तेव्हा त्याच्या आईने, झुलमिराबाईंनी, नवस बोलला होता: पोर वाचलं तर दरवर्षी बैल माझ्या दारात नाचेल आणि आत येऊन संताच्या तसबिरीपुढे मान लववेल. पोर वाचलं. बैल येत राहिला. बाई गेल्या, तरी बैलाने वाट सोडली नव्हती.

त्याच आठवड्यात अनाक्लेतो काका आले. बैलाच्या मेळ्याचे म्होरके, गाणं तेच रचायचे आणि शिट्टीही त्यांचीच.

"दार उघडून ठेव रे पोरा, शनिवारी येतोय. आणि ऐक, यंदा बैलाच्या आत तुझी जासिरा आहे."

"माझी पोरगी? बैलात?"

"का? तुझ्यापेक्षा बरी नाचते. तू आत होतास तेव्हा बैल दारू प्यायल्यासारखा चालायचा."

मार्लुसिया खळखळून हसली. एवानिल्दोला मात्र घाम फुटला. दार उघडलं तर सगळी गल्ली वर बघणार आणि वर तर आभाळ.

"काका, तिथे दाटी होते हो. शेजारची मोकळी जागा आहे ना, तिथेच नाचा. नवस नाचाचा आहे, भिंतीचा थोडाच आहे?"

काका म्हणाले, "डफ कुठेही वाजतो, बाबा. पण ठेक्याला परत यायला भिंत लागते. बरं, घर तुझं. तू म्हणशील तिथे नाचू."

शनिवारी दिवस कलताना गल्लीत पुठ्ठ्यांची शेकोटी पेटली. चामडं ताणलं जावं म्हणून मोठाले डफ भोवती कलते धरले. रंगीत फितींच्या टोप्या चढल्या, लाकडी पट्ट्या वाजू लागल्या आणि मेळा गाड्यांच्या जागेत शिरला.

काय झालं कोण जाणे, नाच उभाच राहीना. पुढच्यांचा ठेका मागच्यांपर्यंत पोचेपर्यंत विरून जाई. मागचे उशिरा वाजवत, पुढचे चिडून घाई करत. आपल्या गल्लीत वाजवणारा समोरच्या भिंतीवरून परत आलेला आवाज ऐकून वाजवतो, हे इतकी वर्षं कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. इथे आवाज गेला तो गेलाच. बैल दोनदा अडखळला. बघे गाड्यांना टेकून गप्पा मारायला लागले, आणि ते पाहून एवानिल्दोलाच वाईट वाटलं.

काकांनी शिट्टी फुंकली आणि सगळं थांबवलं. ते झुलमिराबाईंच्या घराच्या निळ्या भिंतीसमोर जाऊन उभे राहिले आणि बंद दारापुढे परवानगीचं गाणं म्हणू लागले. घरच्या माणसाला नाव घेऊन हाक होती ती: झुलमिराबाई, पाहुणा उभा आहे, दार उघडा.

डफांनी साथ दिली, आणि फरशांनी ठेका परत दिला! सगळी गल्ली एका दमात वाजायला लागली. टेकलेली माणसं सरळ झाली. आपल्याकडे बैल दाराशी उभा असताना दार बंद ठेवलेलं कोणी पाहिलं आहे का? सगळे एवानिल्दोकडे बघत होते. आईचं नाव कानात घुमत होतं. त्याने किल्ली काढली आणि दार उघडलं.

रिवाजाप्रमाणे बैल मान डोलवत तसबिरीकडे निघाला.

"जासिरा, थांब!" एवानिल्दो ओरडला. "पुढे पाऊल टाकू नकोस. फळ्या कुजल्यात!"

बैल जागच्या जागी थिजला. वाजणं थांबलं.

मार्लुसियाने हळूच विचारलं, "तुला कसं माहीत?"

त्याने वर पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. छपराच्या भोकातून संध्याकाळ दिसत होती.

"मीच काढली कौलं. पाऊस घर पाडेल म्हणून. आणि आज माझीच पोर..." एवानिल्दो म्हणाला.

काका भिंतीच्या कडेकडेने मागच्या अंगणात गेले आणि परत आले. त्यांचा आवाज मऊ होता. "एवानिल्दो, घर पाडायचंच होतं, तर कौलं फोडली का नाहीस? एकेक पुसून, वर पत्रा टाकून रचलीस ती कशासाठी?"

एवानिल्दो लहान मुलासारखा रडायला लागला. "कौल फुटलं की आई ओरडायची."

बैल सावकाश मागे फिरला. तसबिरीपर्यंत जाता येत नव्हतं, म्हणून त्याने मखमली डोकं एवानिल्दोच्या छातीवर टेकवलं. आतून जासिरा म्हणाली, "रडू नका, पप्पा. आजीला कळलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणापासून छपरापर्यंत मेळ्याची रांग लागली. कौलं हातोहात वर चढली. मेहुणाही रांगेत होता. मार्लुसियाने भावाचा कान धरून त्याला आणलं होतं. पुढच्या बाजूची खोली एवानिल्दोने मेळ्याला डफ ठेवायला आणि बैलाच्या मखमलीवरच्या भरतकामाला दिली.

नागरिक हो, आपण बैलाला टाळ्या देतो आणि ज्या गल्लीने त्याला आवाज दिला ती पावसाच्या स्वाधीन करतो. कला जपायची तर तिचं घरही जपावं लागतं. जुनी भिंत पडते तेव्हा नुसते दगड पडत नाहीत, आपलं गाणं परत देणारं कोणीतरी जातं. तुमच्याही मागच्या अंगणात अशी कौलं रचलेली असतील, तर पाऊस यायच्या आत वर चढा.

पुढच्या जूनमध्ये बैल नव्या फळ्यांवरून तसबिरीपर्यंत गेला आणि त्याने मान लववली. दार एवानिल्दोने दुपारपासूनच उघडून ठेवलं होतं.