काचेची मागची बाजू

माझ्या नणंदेला मी घरात वन्सं म्हणते आणि प्रयोगशाळेत मॅडम, आणि दोन्ही ठिकाणी दातओठ खाऊनच म्हणते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नंतर कुणी मला साळसूद समजायला नको.

आमची प्रयोगशाळा प्रकाशाची. उजेड काचेवर, धातूवर, प्लास्टिकवर पडला की त्यातला किती आरपार जातो, किती आतच जिरतो आणि किती परत फिरतो, हे दिवसभर मोजत बसायचं. मोजणारी शिकलेली मंडळी वरच्या मजल्यावर. मी खाली, पॉलिशच्या खोलीत. एक खिडकी, दोन फिरत्या चकत्या, एक बेसिन आणि काच घासायच्या पुडीचे डबे, जाड्यापासून मैद्यासारख्या बारीक पुडीपर्यंत. वर मोजली जाणारी प्रत्येक काच आधी माझ्या हातून जाते. एकोणीस वर्षं झाली. बोटांच्या टोकांवर ठसे म्हणून काही उरलेलं नाही.

मला घासण्यापलीकडचं शिकवलं ते आमच्या थोरल्या साहेबांनी. एकदा त्यांनी हातात जाड काच दिली, खिडकीकडे पाठ करून उभं केलं आणि दिव्याचं प्रतिबिंब बघायला सांगितलं. बघते तर दिवा एक नाही, दोन. एक काचेच्या पुढच्या अंगावरून परत आलेला, दुसरा आत शिरून मागच्या अंगावर आपटून आलेला. शंभर भाग उजेड पाठवला की पुढून चार परत येतात आणि मागून जवळजवळ तेवढेच. आपल्याला मोजायचं असतं पुढचं, आणि हा मागचा आगंतुक मध्येच लुडबुडतो. त्याचा बंदोबस्त सोपा. काचेची मागची बाजू जाड्या पुडीनं खरखरीत करायची आणि वर काळा रंग फासायचा. मग आत गेलेला उजेड तिथंच जिरतो, परत येत नाही.

तेव्हापासून तीच पद्धत. पुढच्या बाजूवर कसला थर चढवला की काच माझ्याकडे परत यायची, मी मागून घासून काळी करायची, मग ती मोजणीला जायची. पाच मिनिटांचं काम. कुणी कधी लिहून ठेवलं नाही. लिहायचं काय त्यात, मी होते ना.

थोरले साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीत आमच्या वन्सं येऊन बसल्या. बाई रसायनातली. काचेवर थर कसा चढवावा ते तिच्याकडून शिकावं, उगाच खोटं कशाला बोलू? पण मोजणीच्या यंत्रापुढे ती जन्मात बसली नव्हती. पहिल्याच आठवड्यात ती खाली आली, माझ्या टेबलावरून बोट फिरवलं, बोटाला काळं लागलं आणि चेहरा असा केला की जणू गटारात हात गेला. तिनं फर्मान काढलं की थर चढवलेल्या काचा आता खाली यायच्या नाहीत, वरच्यावर मोजणीला जातील, ओरखडे नकोत आणि ही रंगरंगोटी नको. मी सांगायला तोंड उघडलं. भांडारातली दोन माणसं तिथंच उभी होती.

“वहिनी, हे घर नाही,” ती म्हणाली. “इथं सांगितलेलं करायचं.”

जिनं मला मॅडम म्हणायला लावलं तीच चारचौघांत मला वहिनी म्हणाली, आणि तेही गप्प बसवण्यासाठी. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी उघडलेलं तोंड मिटलं. नको ना काळी बाजू? मग नको.

त्याच महिन्यात ती मुलगी आली. संशोधक म्हणून एका वर्षासाठी घेतलेली. चष्म्याच्या काचा अशा जाड की मी पहिल्याच दिवशी तिचं नाव चष्मिस ठेवलं. तिलाही ते चाललं. मला ती काकू म्हणायची. तिचं काम होतं काचेवर असा थर चढवायचा की उजेड परत येऊच नये, शंभरातला एक भागसुद्धा नाही. दुर्बिणीच्या, कॅमेऱ्याच्या भिंगांना तसलाच थर लागतो. आठ महिन्यांनी परीक्षक येणार, आकडा एकच्या खाली दिसला तर पुढची तीन वर्षं मिळणार, नाही दिसला तर गाशा गुंडाळायचा. आणि गाशा गुंडाळून जायचं कुठं, तर वडिलांच्या घरी, जिथून ती भांडून निघाली होती. परत गेले तर पुन्हा बाहेर पडणं नाही, असं ती मला कोऱ्या काचा मोजून घेता घेता अगदी सहज सांगून गेली.

तिची पहिली खेप मोजली गेली. आकडा आला साडेचार. दुसरी खेप, पावणेपाच. तिनं मिश्रण बदललं, थराची जाडी बदलली, भट्टीचं तापमान बदललं. आठ महिन्यांत एकतीस खेपा केल्या पोरीनं, पण आकडा काही चारच्या खाली उतरेना. उतरणार कसा? मागच्या बाजूचे चार तर ठरलेलेच. मी पहिल्याच दिवशी बोटांवर हिशेब केला होता. साडेचारातून मागचे चार गेले की उरला अर्धा. म्हणजे पहिल्याच खेपेत चष्मिसनं बाजी मारली होती, आणि सगळ्या इमारतीत हे ठाऊक होतं एकट्या मला.

मग सांगितलं का नाही? विचारा, खुशाल विचारा. मी मनाशी ठरवलं होतं की वन्संनी खाली यावं, त्या स्टुलावर बसावं आणि म्हणावं, वहिनी, आकडा का उतरत नाही हो, तुम्हाला काही सुचतंय का? एवढंच. एवढं म्हटलं असतं तर मी चहा करून दिला असता आणि सगळं सांगितलं असतं. पण ती कसली येते! उलट घरी जेवताना मला ऐकू जाईल अशा बेतानं तिनं तिच्या भावाला सांगितलं की हल्ली पॉलिश केलेल्या काचा तयारच मिळतात, खालची खोली म्हणजे नुसती सवय राहिली आहे. आमचे हे ताटात बघत राहिले. यांना ताटात बघायची फार चांगली सवय आहे. मी भात वाढला आणि मूग गिळून बसले, आणि मनात म्हटलं, थांब, तुझी जिरवते.

चौथ्या महिन्यात चष्मिस खाली आली. डोळे सुजलेले. चकतीकडे बघत चाचरत तिनं विचारलं की काकू, दोष माझ्या थरात नसून काचेतच काही असेल का.

आता बघा, पोरगी किती जवळ आली होती. पण मला ऐकू आलं ते वेगळंच. माझ्या काचेला नाव ठेवतेय ही, आणि हिला वरूनच पाठवलंय. मी ताडकन उठले. एकोणीस वर्षांत माझ्या काचेकडे कुणी बोट दाखवलं नाही, तुला नाचता येत नसेल तर माझं अंगण कशाला काढतेस, असं बरंच काही बोलले. ती माफी मागत मागे सरली. दाराशी जरा थांबली. खरं सांगते, अर्धं वाक्य तेव्हा जिभेवर आलं होतं. मी नळ सोडला आणि हात धूत राहिले, ती जाईपर्यंत.

परीक्षकांचा दिवस ठरला तसं माझं डोकं भराभर चालायला लागलं. आधी गुपचूप सांगून काय उपयोग? वन्सं ते स्वतःच्या नावावर खपवून मोकळ्या होतील. ती पडायला हवी होती ती परक्या माणसांदेखत. नापास झालेल्या काचा पुसून परत वापरायला माझ्याकडेच येत. त्यांतली पहिल्या खेपेतली एक मी कधीच बाजूला काढून ठेवली होती. त्या सकाळी तिची मागची बाजू घासली, काळा रंग दिला आणि पंख्याखाली वाळवली. साडी झटकली आणि अकरा वाजता वर गेले.

मोजणीच्या खोलीत तीन परीक्षक बसले होते. मध्ये एक म्हाताऱ्या बाई, त्यांच्यापुढे कागदांची चळत. चष्मिस फळ्याजवळ उभी होती, आवाज पार बसलेला. वन्संनी मला बघितल्याबरोबर दाराकडे हात केला. मी तिकडे लक्षच दिलं नाही. म्हाताऱ्या बाईंपुढे काच ठेवली आणि म्हटलं, ही एकदा मोजून बघा, मग मला हाकला.

बाई चांगल्या होत्या. त्यांनी काच उलटी केली, काळी बाजू बघितली, माझ्याकडे बघितलं आणि स्वतःच्या हातानं ती यंत्रात बसवली. आकडा आला शून्य पूर्णांक पाच.

मग मी बोलले, आणि अगदी सावकाश, चवीनं बोलले. दोन दिवे सांगितले, मागचा आगंतुक सांगितला, पाच मिनिटांचं काम सांगितलं, आणि ते कुणी बंद केलं तेही सांगितलं. एका परीक्षकानं कपाळावर हात मारला. वन्संचा चेहरा उतरत उतरत पांढरा पडला. इतक्या वर्षांत मला एवढं गार कधी वाटलं नव्हतं. खोटं बोलत नाही, मला फार बरं वाटलं.

चष्मिसनं यंत्रातली काच काढली. कडेला तिच्याच अक्षरात खेप एक असं कोरलेलं होतं. म्हाताऱ्या बाईंनी तिला विचारलं की या खेपेचं मिश्रण कोणतं. तिनं सांगितलं. बाईंनी पुन्हा विचारलं, तिनं पुन्हा सांगितलं. बाईंनी चळतीतून एक छापील लेख ओढला, दोन पानं उलटली आणि चष्मा काढून ठेवला.

“बाळ, हेच मिश्रण तीन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं छापलंय,” त्या म्हणाल्या. “आकडासुद्धा हाच. तू त्यांच्या आधी होतीस. पण आता हे नवं राहिलं नाही.”

मला आधी समजलंच नाही. काच चांगली निघाली, मग अडलं कुठं? मग समजलं. वर याला फार किंमत असते, कोण आधी बोललं याला. पोरगी पहिली होती. पाच महिने ती सगळ्या जगात पहिली होती, आणि ते मला माहीत होतं, आणि मी खाली नळ सोडून हात धूत बसले होते.

चष्मिस माझ्याकडे वळली. रडत नव्हती.

“काकू, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?”

आज सकाळी सुचलं, असं सांगता आलं असतं. कुणाला खरंखोटं कळणार होतं? पण तिच्या त्या जाड भिंगांपुढे मला थाप मारता येईना.

“पहिल्या दिवसापासून,” मी म्हटलं.

काच तिनं अलगद टेबलावर ठेवली आणि माझ्यापासून दोन पावलं लांब जाऊन उभी राहिली. परीक्षक एकमेकांशी कुजबुजायला लागले. नियम आडवा येतोय, नवं काम नाही तर पुढची तीन वर्षं देता येत नाहीत, असं काहीतरी. पोरीचा निकाल लागत होता आणि मी तिथं हातावर काळा रंग घेऊन उभी होते.

तेव्हा वन्सं उठली. आता ही सगळं माझ्यावर ढकलणार, हे मी धरूनच चालले होते. ढकललं असतं तर मीही तयार होते. तिच्या एकेका वाक्याला माझं उत्तर तयार होतं.

“चूक माझी आहे,” ती म्हणाली. “मागची बाजू काळी करणं मी बंद केलं. या मला कारण सांगत होत्या, मी सगळ्यांसमोर त्यांचं तोंड बंद केलं. प्रमुख म्हणून मला हे माहीत असायला हवं होतं. मुलीनं पहिल्या महिन्यात काम पुरं केलंय. तिला नव्या विषयासाठी एक वर्ष द्या आणि अहवालात जे लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.”

माझ्या गप्प बसण्याबद्दल एक अक्षर नाही. मी तोंड उघडलं होतं हेसुद्धा तिच्या लक्षात होतं. मला वाटायचं, तिनं ते बघितलंच नव्हतं.

बाईंनी वर्ष दिलं. वन्संच्या नावावर ठपका लिहिला गेला आणि तिनं तिथल्या तिथं सही केली. चष्मिस तिच्याबरोबर बाहेर पडली. जाताना दोघींपैकी कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि का बघावं? मी खाली आले, हात धुतले. तिच्यावर इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. एका वाक्यात तिनं जे केलं ते मला आठ महिन्यांत जमलं नव्हतं, आणि तिला ते माझ्या डोळ्यांदेखत करायची काही गरज होती का?

चष्मिस आता काचा न्यायला येते, मोजून घेते, वहीत सही करते. काकू म्हणत नाही. काहीच म्हणत नाही.

आणि घरी वन्संनी कुणाला काही सांगितलं नाही. रोज सकाळी चहाला आम्ही समोरासमोर बसतो. आज तरी ती यांच्यासमोर विषय काढेल म्हणून मी वाट बघते. तिनं काढला की मलाही तोंड फुटेल, जुनं नवं सगळं उकरून काढीन आणि एकदाची वाफ जाईल. ती पेपर वाचते. “वहिनी, साखर,” म्हणते. मी डबा पुढे सरकवते. तिच्याशी भांडायला माझ्याकडे आता काही उरलेलं नाही, आणि याबद्दल मी तिला कधीही माफ करणार नाही.