पिशवीचे राखणदार

"पिशवी आत जाणार नाही, आजोबा. लॉकरमध्ये ठेवा," पार्कच्या फाटकावरची मुलगी म्हणाली.

"अगं, ती कुठे पाळण्यात बसणार आहे? मी घेऊन बाहेर बसतो. दरवर्षी बसतो."

"बाकड्यावर पण सामान चालत नाही आता. नियम बदललेत."

मास्तर जागचे हलले नाहीत. ते शिंपी. पिशवी त्यांनी स्वतः शिवलेली, जाड कापडाची, कप्प्यात कप्पा असलेली. या घरात पार्कला यायचं म्हणजे कामं वाटलेली असत. जे जे उलटंपालटं होतं त्यात नातवंडांना घेऊन बसायचं, ते बायकोचं काम. मास्तरांनी बाकड्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसायचं. पाणी म्हटलं की पाणी, टोपी म्हटलं की टोपी. जावई त्यांना चालतंबोलतं कपाट म्हणायचा.

बायको गेल्यावरची ही पहिलीच खेप. "मी येऊन काय करू?" असं ते म्हणाले तेव्हा लेकीने विचारलं होतं, "मग पिशवी कोण सांभाळणार?" तेव्हा कुठे ते निघाले होते.

आणि आता पिशवीच नाही.

"मग मी आत काय करायचं?"

"मजा करायची," मुलगी म्हणाली आणि मागच्याचं तिकीट बघू लागली.

लॉकरपाशी मास्तरांनी अंगातलं जाकीट चाचपलं. मग म्हणाले, "नियम पिशवीला आहे ना? खिशाला नाही?"

शिंप्याच्या जाकिटाला खिसे किती, ते शिंप्यालाच ठाऊक. एकेक वस्तू पिशवीतून निघाली आणि जाकिटात गेली. लेक नको नको म्हणत राहिली. तिला सातवा महिना होता, आणि हसताना पोट धरावं लागत होतं.

"बाबा, जरा जपून," जावई म्हणाला. "फुगा झालाय तुमचा. वारा आला तर दोरी बांधावी लागेल तुम्हाला."

"तहान लागू दे, मग कोण हसतंय बघतो."

नातवंडांनी थेट रोलर कोस्टर गाठलं. तिथे दुसरा नियम वाट बघत होता.

"एका मुलाबरोबर एक मोठं माणूस," गाडी चालवणारा तरुण म्हणाला.

"असं कसं?" लेक म्हणाली. "गेल्या वर्षी आई दोघांना घेऊन बसली होती. एक इकडे, एक तिकडे."

"गेल्या वर्षी चालायचं, ताई. आता बाकावर दोघंच."

लेकीला बसता येणार नव्हतं. राहिला एकटा जावई, आणि मुलं दोन.

"दादाला जाऊ दे," धाकटी नात म्हणाली. "मला तसं पण नव्हतंच बसायचं." असं म्हणाली खरी, पण तिचा खालचा ओठ निराळंच सांगत होता.

मास्तरांनी मान वर करून ती उंच चढण बघितली. आयुष्यात ते साध्या पाळण्यातही बसले नव्हते. बायको म्हणायची, सुईत दोरा ओवताना तुमचा हात हलत नाही, आणि स्टुलावर चढलात की गदागदा हलता.

"मी बसतो," ते म्हणाले.

"बाबा, नक्की ना?"

"नक्की कसलं. चला, विचार बदलायच्या आत."

"खिसे रिकामे करा, आजोबा," तरुणाने ट्रे पुढे केला.

पाण्याची बाटली आली. दुसरी बाटली आली. टोप्या, रुमाल, बिस्किटांचा पुडा, मलमाची डबी, नातवाचा आख्खा स्वेटर. ट्रे भरला, तरुणाने दुसरा आणला.

"काका, दुकान उघडलंत का?" रांगेतून कुणीतरी विचारलं.

"उघडलं नाही, बंद करतोय," मास्तर म्हणाले, आणि रांग खदखदली.

सगळ्यात शेवटी आतल्या खिशातून कंगवा निघाला. तरुणाने मास्तरांच्या तुळतुळीत डोक्याकडे बघितलं. "हा कशाला? वर केस विस्कटतात म्हणून?"

पुन्हा हशा झाला. लेक तेवढी हसली नाही. आई गाडीतून उतरायची ती डोक्याचं घरटं करूनच. नुसता हात पुढे करायची, आणि बाबा त्यात कंगवा ठेवायचे.

"सवयीने आलाय," मास्तर म्हणाले आणि कंगवा रुमालावर नीट ठेवला.

दांडा पोटाशी आला. पुढच्या बाकावर जावई आणि नातू, मागे हे दोघं. गाडी खडखडत चढू लागली तसे मास्तरांनी डोळे मिटले.

"आजोबा, खाली बघू नका. पण डोळे मिटलेत तर जास्त भीती वाटते. आजीने सांगितलंय."

"आजीला काय जातंय सांगायला," मास्तर दात आवळून म्हणाले. नात खुदखुदली.

माथ्यावर गाडी क्षणभर रेंगाळली.

"आता हात करायचा," नात म्हणाली. "आजी करायची इथून."

"कुणाला?"

"तुम्हाला. बाकड्याकडे."

मास्तरांनी डोळे उघडले. खाली खाऊच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर होतं, त्यामागे झाडं. बाकडं त्याच्या आड कुठेतरी असणार.

"इथून तर दिसतच नाही ते."

"हो ना. मी पण तिला तेच म्हटलं. तर म्हणाली, दिसायला कशाला हवेत? असतीलच तिथे."

मास्तरांनी दांड्यावरचा एक हात सोडवला. छपराच्या दिशेने तो वर करून हलवला, आणि गाडी सुटली तरी खाली घेतला नाही.